प्राचीन इजिप्त आणि आधुनिक वंशकल्पना

बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात आणि हैदराबादच्या राज्य संग्रहालयात इजिप्तहून आणलेली एकेक ममी आहे. ती पाहणाऱ्याच्या मनात सहज प्रश्न येतो, की हे लोक गोरे होते की काळे? प्रश्न निरुपद्रवी वाटतो. परंतु त्या प्रश्नालाही स्वतःचा एक इतिहास आहे, आणि तो नाईलच्या तीरावर नव्हे, तर बव्हंशी युरोप-अमेरिकेत घडलेला आहे.

फिलाडेल्फियातील वैद्य सॅम्युएल जॉर्ज मॉर्टन याने १८४४ साली ‘क्रेनिया इजिप्शियाका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कैरो येथे अमेरिकेचा उपवाणिज्यदूत म्हणून राहिलेल्या जॉर्ज ग्लिडनने थडग्यांतून मिळवलेल्या कवट्या त्याला पुरविल्या होत्या. त्यांची मोजमापे घेऊन मॉर्टनने असा निष्कर्ष काढला, की ही संस्कृती उभारणारे लोक ‘कॉकेशियन’ होते आणि ‘निग्रो’ त्या काळीही सेवक व दासच होते. त्या वेळी अमेरिकेत पंचवीस लाखांहून अधिक माणसे गुलामगिरीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते. १८५४ साली जोसाया नॉट आणि ग्लिडन यांनी ‘टाइप्स ऑफ मॅनकाइंड’ या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. गुलामगिरी ही मनुष्यकृत व्यवस्था नसून सृष्टीचाच नियम आहे, असे भासविण्यासाठी फॅरोंच्या थडग्यांना साक्षीला उभे करण्यात आले.

याच वर्षी, गुलामगिरीतून पळून मुक्त झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ओहायोतील वेस्टर्न रिझर्व्ह कॉलेजात व्याख्यान देऊन मॉर्टनच्या मताचा समाचार घेतला. अशा ग्रंथांतील चित्रांत युरोपीय माणूस नेहमी रुबाबदार आणि आफ्रिकी माणूस मुद्दाम विद्रूप का दाखविला जातो, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. पुढे सेनेगलचे इतिहासकार शेख अंता दियोप यांनी प्राचीन इजिप्ती हे कृष्णवर्णीय आफ्रिकीच होते, असे आग्रहाने मांडले. १९७४ साली युनेस्कोने कैरो येथे भरविलेल्या चर्चासत्रात या मतावर मोठा वाद झाला; एकमत झाले नाही. दियोप यांचा रोष समजण्यासारखा होता, कारण इजिप्तला आफ्रिकेपासून तोडण्याचे काम शतकभर चालले होते. तथापि उत्तर उलटे दिले, तरी प्रश्न मॉर्टनचाच राहिला.

खुद्द इजिप्ती लोक माणसांची विभागणी कशी करीत? इ. स. पू. तेराव्या शतकातील सेती पहिला याच्या थडग्यात माणसांचे चार गट चितारले आहेत : इजिप्ती, आशियाई, नुबियन आणि लिबियन. त्यांचे वर्ण, केशरचना आणि वेश भिन्न आहेत. पण परलोकात चौघांनाही स्थान आहे. इजिप्ती लोकांना परक्यांविषयी तुच्छता नव्हती असे नव्हे. तुतनखामेनच्या पायताणांवर बद्ध शत्रूंची चित्रे आहेत, जेणेकरून राजाने ते पायदळी तुडवावेत. परंतु त्यांत नुबियनांबरोबर आशियाईही आहेत. याउलट, मैहरप्री हा मानकरी आपल्या मृतग्रंथात गडद वर्णाचा दाखविलेला आहे, आणि तरीही त्याचे दफन राजांच्या दरीत झाले. इ. स. पू. आठव्या शतकात तर कुशचा राजा पिये याने इजिप्त जिंकले आणि त्याच्या घराण्याने फॅरो म्हणून राज्य केले. तेथे भेदाची रेषा होती. पण ती राजसत्ता, भाषा आणि देवधर्म यांच्या आधारे आखलेली होती. चित्रांतील रंगही सरळ पुरावा ठरत नाहीत, कारण पुरुष तांबूस आणि स्त्रिया पिवळसर रंगविणे हा त्या कलेचा संकेत होता.

अलीकडचे जनुकीय संशोधनही हेच सुचविते. नुवायरात येथे मिळालेल्या, साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाच्या जनुकांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्याचा सुमारे ८० टक्के वारसा उत्तर आफ्रिकेतील, तर सुमारे २० टक्के मेसोपोटेमियाच्या परिसरातील प्राचीन लोकांशी जुळला. एका माणसावरून संपूर्ण देशाचा निर्वाळा देता येत नाही. परंतु नाईलचे खोरे ही आफ्रिकेतील भूमी होती आणि तेथे माणसांची ये-जा सदैव चालू होती, या समजुतीशी तो पुरावा सुसंगत आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकांची मोजमापे घेऊन हिंदुस्थानातील जातींचे वंश ठरविले आणि मराठी ब्राह्मण व कुणबी यांना ‘सिथो-द्राविड’ अशा एका खणात बसविले. आर्यवंशाच्या पाश्चात्त्य सिद्धान्ताची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात कठोर तपासणी करून तो नाकारला. मोजपट्टी तटस्थ असली, तरी ती हाती धरणाऱ्याचा हेतू तटस्थ असतोच असे नाही.

म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने, ते कोणत्या रंगाचे होते, एवढ्यावर थांबू नये. त्या मातीत त्यांनी काय पेरले, कोणाशी व्यापार केला, कोणाला आपले मानले आणि कोणाला राबविले, हे विचारावे. आणि रंगाचा प्रश्न कोणी आग्रहाने विचारू लागला, तर त्या उत्तराने आज कोणाचा लाभ होणार आहे, हेही अवश्य विचारावे.