अभिलेखांतील जुन्या नोंदींचे रक्षण व निष्कासन
मूळ नोंद न खोडता नवी नोंद करणे, आकस्मिक आघातातून दोन्ही वाचविणे व निरुपयोगी झालेली नोंद योग्य वेळी काढून टाकणे, ही अभिलेखपद्धती. संगणकीय माहितीसंचांत ती अलीकडे रूढ झाली असली, तरी महाराष्ट्रातील जमीन अभिलेखांत तिची तत्त्वे पूर्वीपासून आढळतात.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या अधिनियमाने अधिकार अभिलेख सुरू झाले. १९१३ मध्ये ही तरतूद जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाली आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही ती कायम राहिली. वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. तेथील गावांतही इतरत्रांप्रमाणे जमिनीचे हस्तांतर प्रथम फेरफार नोंदवहीत येते. हितसंबंधितांना नोटीस देऊन, हरकती ऐकून ते प्रमाणित होते. हस्तलिखित सात-बारावर प्रमाणनापूर्वीची नोंद पेन्सिलने व नंतरची शाईने करीत. जुन्या खातेदाराच्या नावास कंस करीत. दर दहा वर्षांनी होणाऱ्या पुनर्लेखनात कंसातील नोंदी गाळल्या जात व जुने पुस्तक तालुक्याच्या अभिलेख कक्षात जाई. या वेळी एखाद्या हयात वारसाचे किंवा कुळाचे नाव अनवधानाने गळाल्यास त्याचा आधार जुने पुस्तक हाच असे. कारण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत चालू नोंद कायद्याने खरी मानली जाते.

९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवरील मोर्च्यावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. पुढे प्रतिसरकारच्या काळात जिल्ह्यातील काही चावड्यांची दप्तरे जाळण्यात आली. परकीय सत्तेच्या महसूल यंत्रणेवरील तो प्रहार होता. तथापि एकाच जागी ठेवलेले दप्तर किती नाशवंत असते, हेही त्यातून दिसते.

संगणकात एकाच ओळीच्या अनेक आवृत्त्या राखण्याची कल्पना डेव्हिड रीड यांनी १९७८ मधील प्रबंधात मांडली. पोस्टग्रेस या प्रणालीत २००१ पासून प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे क्रमवार वहीत, लिहिला जातो. यंत्र बंद पडल्यास त्यावरून संचाची पुनर्रचना होते. तोच लॉग दूरच्या प्रतीकडे पाठवितात. मात्र प्रतीवर कोणी जुनी आवृत्ती वाचत असता मूळ ठिकाणी ती काढली गेली, तर वाचन थांबवावे लागते किंवा सफाई लांबवावी लागते. वाचकांची माहिती प्रतीकडून मूळ ठिकाणी कळविण्याची सोय २०११ मध्ये झाली. सफाई फार लांबल्यास संच फुगतो. घाईने केल्यास वाचकाचा आधार जातो. सात-बाराच्या पुनर्लेखनातही पेच हाच होता. तेथे मात्र गळणारी ओळ एखाद्या कुटुंबाची जमीन असे.