चंडीगढ
चंडीगढ : केंद्रशासित प्रदेश व शहर; पंजाब आणि हरयाणा या दोन्ही राज्यांची राजधानी. क्षेत्रफळ ११४ चौ. किमी.; लोकसंख्या २,५७,२५१ (१९७१), १०,५५,४५० (२०११). दिल्लीच्या उत्तरेस सु. २५० किमी.वर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, सुखना चो व पतियाली की राव या पावसाळी ओढ्यांमधील सपाटीवर ते वसले आहे. नजीकच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून हे नाव पडले.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यामुळे पंजाबचे सरकारी दफ्तर तूर्त सिमल्यास हलविण्यात आले. तथापि डोंगरातील ते ठिकाण गैरसोयीचे असल्याने १९४८ मध्ये प्रस्तुत जागा मुक्रर झाली आणि तेथील खेड्यांतील कुळांना जमिनी सोडाव्या लागल्या, ही गोष्ट स्थापत्यग्रंथांत क्वचितच येते. पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार ॲल्बर्ट मेयर याने केला. परंतु त्याचा सहकारी मॅथ्यू नोवित्स्की १९५० मध्ये विमान अपघातात दगावल्यावर प्रशासक पी. एन. थापर व मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांनी यूरोप पालथा घालून वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्ब्यूझ्ये यास आणले. त्याने मेयरचे वळणदार रस्ते पुष्कळसे सरळ केले आणि सु. ८०० × १,२०० मी. मापाचे ‘सेक्टर’ आखून प्रत्येकात बाजार, शाळा व हिरवळ यांची तजवीज केली. सेक्टरांच्या क्रमांकांतून १३ हा आकडा वगळण्यात आला. २०२० मध्ये तो मनीमाजरा या वस्तीस देण्यात आला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्‌घाटन ७ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले.

प्रेक्षणीय वास्तूंत उत्तरेकडील शासकीय वास्तूंचे संकुल (कॅपिटॉल) अग्रगण्य होय. उच्च न्यायालयाच्या (१९५५) मुख्य इमारतीवर छत्रीसारखे दुसरे छप्पर अधांतरी धरले असून दोहोंमधून वारा खेळतो. प्रवेशाशी हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन उत्तुंग स्तंभ आहेत. सचिवालय (१९५८) हे २५४ मी. लांबीचे असून त्याच्या दर्शनी भागावरील सूर्यरोधक पडद्या दुपारचे ऊन कचेऱ्यांत शिरू देत नाहीत. विधानभवनाच्या सभागृहावर औष्णिक वीजकेंद्रातील शीतनमनोऱ्यासारखा घुमट उभा आहे, तर पुढील छज्जा पन्हळीप्रमाणे वर वळविलेला असल्याने पावसाचे पाणी त्यातून वाहून जाते. जवळ जाऊन पाहिल्यास काँक्रीटवर साच्यांच्या सांध्यांचे वण तसेच ठेवलेले आढळतात, आणि मधूनच मासा, बैल, सूर्य अशी चिन्हे कोरल्यासारखी उमटलेली दिसतात. संकुलातील उघड्या हाताचे शिल्प मात्र कॉर्ब्यूझ्येच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, उभे राहिले. नियोजित राज्यपालभवन बांधलेच गेले नाही. २०१६ मध्ये युनेस्कोने संकुलाचा जागतिक वारशात समावेश केला. या इमारती भव्य खऱ्या. पण त्यांमधील उघड्या फरसबंदीवर सावलीचा आडोसा नाही, आणि जेठातल्या दुपारी ती पार करणाऱ्या कारकुनास ते चांगले ठाऊक असते.

राहण्याच्या दृष्टीने शहराचा खरा कस कॉर्ब्यूझ्येचे सहकारी पिएर झानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांनी बांधलेल्या सरकारी घरांत लागतो. कॉर्ब्यूझ्ये वर्षातून दोनदा येऊन जाई. हे तिघे मात्र येथे राहिले, आणि झानरे तर १९६५ पर्यंत. शिपायापासून मंत्र्यापर्यंत प्रत्येक दर्जाला ठरावीक खर्चाचे घर असे वाटप करून, स्वस्त विटांतून जाळ्या व कोनाडे साधून त्यांनी अल्प खर्चातही नीटनेटकेपणा आणला. झानरेच्या सागवानी, वेत विणलेल्या खुर्च्या कचेऱ्यांतून भंगारात निघाल्या व पुढे परदेशी लिलावांत गेल्या. शहराचा नकाशा ओतलेली गटारांची लोखंडी झाकणेही त्याच वाटेने गेली.

सुखना तलाव (१९५८) सुखना चो अडवून केलेला आहे. झानरेची रक्षा १९७० मध्ये त्यातच विसर्जित करण्यात आली. नजीकचे ‘रॉक गार्डन’ नेकचंद या रस्तेनिरीक्षकाने फुटक्या बांगड्या व भांड्यांच्या तुकड्यांपासून विनापरवाना रचले व ते १९७६ मध्ये सर्वांस खुले झाले. नियोजित नगरात मोठी गर्दी या अनियोजित बागेत होते, हे नमूद करण्याजोगे आहे. सेक्टर १६ मध्ये झाकिर हुसेन गुलाबबाग (१९६७), सेक्टर १० मध्ये शासकीय संग्रहालय आणि सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठ आहे.

पूर्वेस औद्योगिक वसाहत आहे. सरकारी नोकरी व व्यापार हे प्रमुख व्यवसाय.

कॅपिटॉल संकुल पाहण्यास परवानगी लागते. ओळखपत्र जवळ बाळगावे.