रिकामी पकड : लेथच्या इतिहासातील एक प्रश्न

मराठीतील ‘कातणे’ ह्या क्रियापदात सूत काढणे आणि फिरत्या लाकडाला गोल आकार देणे, असे दोन अर्थ एकत्र नांदतात. संस्कृतातही ‘कृत्’ हा धातू ‘कृन्तति’ ह्या रूपाने छेदनाचा, तर ‘कृणत्ति’ ह्या रूपाने सूत काढण्याचा वाचक आहे. जुन्या कातारी कारागिराचे हत्यार त्याच्या हातात असे. लाकूड ढिले झाले किंवा निसटले, तर ते हाताला तत्क्षणी कळे. वस्तू धरणे आणि ती धरली गेल्याचे ज्ञान होणे ह्या दोन क्रिया तेथे भिन्न नव्हत्या. त्या एकमेकींपासून कशा विलग झाल्या, हा लेथच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

इंग्लंडमध्ये सुमारे १८०० मध्ये हेन्री मॉडस्ले ह्याने आपल्या लेथवर हत्यार सरकत्या आधारावर बसविले, आणि हत्यारावरचा हात सुटला. तरीही चक आवळणारी किल्ली टर्नरच्याच हाती राहिली. जबड्यांत ‘जॉब’ नीट बसला की नाही, हे किल्लीचा जोर त्याला सांगे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात ह्या इतिहासाच्या दोन पिढ्या जवळजवळ दिसतात. १८७८ मध्ये मनमाडशी जोडले गेलेले दौंड हे लोहमार्गाच्या युगातील गाव. शिरूर तालुक्यातील रांजणगावची औद्योगिक वसाहत ही मोटारीच्या आणि स्वयंचलित यंत्रांच्या युगातील. पहिल्या युगात किल्ली टर्नरच्या हाती होती. दुसऱ्यात तीही गेली.

संगणकनियंत्रित लेथमध्ये तेलाच्या दाबाने सरकणारा दट्ट्या चकचे जबडे मिटवितो. येथे एक फसगत संभवते. जबडे रिकामे असले, तरी दट्ट्या आपल्या अंतिम टोकाला जाऊन थांबतो व दाब पूर्ण चढतो. म्हणजे दाब हा पकडीचा पुरावा नव्हे. म्हणून दट्ट्याच्या प्रवासावर सेन्सर बसवावा लागतो. माल असेल तर जबडे मध्येच अडतात. नसेल तर दट्ट्या मर्यादा ओलांडून पुढे जातो. मान्य मापांपैकी लहानात लहान व मोठ्यात मोठा जॉब धरून ही मर्यादा ठरवितात. जबडे नव्याने कातले, किंवा जॉबचा व्यास बदलला, की ती पुन्हा लावावी लागते. जॉब आतून धरावयाचा असल्यास हालचालीची दिशा उलटते. तो आधारपृष्ठाला टेकला की नाही, हे वेगळे पाहावे लागते. त्यासाठी तेथील बारीक छिद्रातून हवा सोडतात, आणि छिद्र झाकले गेले की हवेचा दाब वाढतो.

‘येथे वस्तू नाही’ हे ज्ञान कसे होते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. कुमारिल भट्टाने त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते अमान्य केले. परंतु वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असल्याखेरीज तिच्या न दिसण्याला किंमत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. अंधारात घट दिसत नाही, एवढ्याने घटाचा अभाव सिद्ध होत नाही.

सेन्सरलाही हाच न्याय लागू पडतो. तार तुटलेला सेन्सर गप्प राहतो. त्याची शांतता म्हणजे ‘सर्व ठीक’ असे समजणारी रचना घातक होय. म्हणून चक फिरण्याची अनुमती तक्रारीच्या अभावावर नव्हे, तर ‘माल आहे’ ह्या स्पष्ट संकेतावर अवलंबून ठेवतात. आणि मर्यादा लावून झाल्यावर रिकामे जबडे मिटवून यंत्र खरोखर नकार देते की नाही, हे पाहतात. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकमधून अर्धवट धरलेला लोखंडी जॉब सुटला, तर समोर उभा असलेला कामगार वाचेलच असे नाही. कातारीच्या हाताला जे आपोआप कळे, ते यंत्राला शिकवावे लागते, आणि ते शिकले की नाही, ह्याची परीक्षा अद्याप माणसालाच घ्यावी लागते.