द्वेषोक्तीचा प्रतिवाद
वंश, धर्म, जात, भाषा इ. कारणांवरून एखाद्या समूहाविषयी तिरस्कार पसरविणाऱ्या वक्तव्यास बंदीऐवजी उत्तराने केलेला विरोध. इंटरनेटमुळे हा मार्ग सामान्य नागरिकासही खुला झाला. तथापि त्याच्या परिणामकारकतेचा प्रश्न जुना आहे.

जर्मनीत ज्यूद्वेषी प्रचारास तोंड देण्यासाठी उदारमतवाद्यांनी १८९० मध्ये एक प्रतिकार संघ स्थापन केला; १८९३ मध्ये ज्यू नागरिकांची मध्यवर्ती संघटना निघाली. या संस्थांनी पत्रके व पुस्तिका काढून आरोपांचे मुद्देसूद खंडन केले. ज्यूद्वेषाचे कडवे विरोधक असलेले इतिहासकार टेओडोर मॉमझेन (१८१७–१९०३) यांनी मात्र युक्तिवादाने द्वेष्ट्याचे मन पालटत नाही, असे मत १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत मांडले. यूलिउस श्ट्रायखर याच्या देर श्ट्यूर्मर (१९२३–४५) या साप्ताहिकाचा प्रचार न्यायालयीन शिक्षांनीही थांबला नाही. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि न्यायालये व वृत्तपत्रे यांचे स्वातंत्र्य संपुष्टात येताच प्रतिवादाचा आधारच नाहीसा झाला.

अमेरिकेचे न्यायाधीश लूइस ब्रँडाइस यांनी व्हिटनी विरुद्ध कॅलिफोर्निया (१९२७) या खटल्यात अनिष्ट वक्तव्यावर अधिक वक्तव्य हाच उपाय सांगितला. मात्र चर्चेस पुरेसा अवधी असावा, ही अट घातली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६अ रद्दबातल ठरविताना या मताचा आधार घेतला. पालघर येथील दोन तरुणींना २०१२ मध्ये झालेली अटक या खटल्यास निमित्त ठरली होती. चर्चा व प्रतिपादन यांस संरक्षण असून चिथावणीस ते नाही, असा भेद न्यायालयाने केला.

स्वीडनमध्ये २०१६ साली पत्रकार मीना डेनर्ट यांनी संघटित प्रतिवादाची चळवळ सुरू केली. तिचे सदस्य द्वेषपूर्ण चर्चांत एकत्रितपणे संयत उत्तरे लिहितात आणि परस्परांच्या उत्तरांस दुजोरा देतात. द्वेष्ट्यापेक्षा मूकपणे वाचणारे बहुसंख्य लोक हे त्यांचे खरे उद्दिष्ट असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्विटरवर वंशद्वेषी मजकूर लिहिणाऱ्या १,३५० व्यक्तींपैकी काहींना विनोदाने, काहींना परिणामांच्या इशाऱ्याने, तर काहींना पीडितांविषयी सहानुभूती जागविणारी उत्तरे देण्यात आली. केवल सहानुभूतीच्या उत्तरांनीच द्वेषमूलक लेखन सातत्याने घटले. तेही अल्प प्रमाणात.

प्रतिवादाने द्वेष्ट्यांचे मतपरिवर्तन क्वचितच होते. लक्ष्य झालेल्यांना एकाकी न पडू देणे आणि तटस्थांपुढे सभ्यतेची मर्यादा स्पष्ट करणे, हे त्याचे प्रमुख कार्य होय. हिंसेच्या चिथावणीस मात्र तो पुरा पडत नाही. तेथे कायद्याचे संरक्षण अपरिहार्य ठरते.