स्पुरिअर : दुकानदार की शिक्षक?

* स्टीव्हन स्पुरिअर (१९४१–२०२१). पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवणारा आणि १९७६ साली फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइनची, लेबलं झाकून घेतलेली ती गाजलेली चाचणी भरवणारा इंग्रज, एवढीच त्यांची ओळख सहसा दिली जाते. ती खोटी नाही. पण तिच्यात कार्यकारणाचा क्रम उलटा होतो. दुकानालगतची त्यांची वाइनशाळा ‘अकादेमी द्यू व्हँ’ १९७३ची, म्हणजे चाचणीच्या तीन वर्षं आधीची. बाटलीवरच्या लेबलापेक्षा पेल्यातल्या ऐवजावर विश्वास ठेवायचा, हा तिथल्या शिकवणीचा पाया आणि २४ मे १९७६ रोजी नेमकं तेच झालं. फरक इतकाच, की या खेपेला विद्यार्थ्यांच्या जागी नऊ नामांकित फ्रेंच परीक्षक बसले होते. कॅलिफोर्नियाच्या शार्दने वाइनचा घोट घेऊन त्यांच्यातल्या एकानं ‘आता आलो फ्रान्समध्ये’ अशा अर्थाचे उद्गार काढले. निकालानंतर एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. लाल आणि पांढरी, दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाचा होता.

नऊ जिभांची सरासरी काढून क्रम लावणं शास्त्रीय नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. लाल वाइनमधलं गुणांचं अंतर खरोखर किरकोळ होतं. बोर्दोच्या फ्रेंच वाइन अजून मुरायच्या होत्या, ही तक्रार मात्र टिकत नाही. २००६ साली त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे आले. सारा प्रसिद्धीचाच खटाटोप होता म्हणावं, तर वार्ताहर एकच हजर होता, ‘टाइम’चा. शिवाय स्पुरिअर यांनी स्वतः दिलेले गुण निकालात धरलेच नव्हते. पुढे लंडनमध्ये त्यांनी क्रिस्टीजच्या वाइन अभ्यासक्रमात शिकवलं आणि ‘डिकँटर’ मासिकात वर्षानुवर्षं लिहिलं.