आठवड्याचे शंभर मैल : मॅरेथॉनच्या सरावाचा इतिहास

मॅरेथॉनची शर्यत आणि तिच्यासाठी आठवड्यागणिक अंतर वाढवत नेण्याची सरावपद्धती या दोन गोष्टी आज इतक्या एकजीव झाल्या आहेत की, त्या एकाच वेळी जन्माला आल्या असाव्यात असा समज सहज होतो. वस्तुतः १८९६ मध्ये अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये सुमारे ४० किलोमीटरची ही शर्यत प्रथम झाली, १९२१ मध्ये ४२.१९५ किलोमीटर हे तिचे अंतर कायमचे ठरले, आणि या अंतरासाठी शरीर कसे घडवावे याचे पटण्याजोगे उत्तर मिळण्यास त्यानंतरही जवळपास चार दशके जावी लागली. ते उत्तर प्रयोगशाळेत सापडले नाही. पोटासाठी दिवसभर राबून उरलेल्या वेळात धावणाऱ्या माणसांनी ते स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून शोधले, आणि म्हणूनच त्यावर शरीरशास्त्राइतकाच कामकरी आठवड्याचाही ठसा उमटला आहे.

प्रारंभीच्या मॅरेथॉनपटूंना जी सरावपरंपरा मिळाली ती एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये पैजा लावून दूरवर चालणाऱ्या व्यावसायिकांची होती. १८०९ मध्ये सलग हजार तासांत प्रत्येक तासाला एक याप्रमाणे हजार मैल चालणारा कॅप्टन बार्कले हा तिचा आदर्श होय. वॉल्टर थॉम याने १८१३ च्या ग्रंथात नोंदवलेल्या त्याच्या दिनक्रमात रेचके, घाम काढण्याचे उपाय आणि मांसाहार यांना चालण्याइतकेच महत्त्व दिलेले आढळते. या परंपरेत शरीर हे मुख्यतः शुद्ध करून घेण्याचे साधन होते, सरावाने बदलत जाणारी वस्तू नव्हे. आणि फार धावल्यास हृदय कायमचे दुबळे होते ही भीती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वैद्यकातही घर करून होती.

बोस्टनचा क्लॅरन्स डिमार या भीतीचा बळी ठरला आणि पुढे त्यानेच ती खोटी ठरवली. १९११ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकणाऱ्या या छापखान्यातील खिळे जुळवणाऱ्या कामगाराला डॉक्टरांनी हृदयात दोष असल्याचे सांगून धावण्यापासून परावृत्त केले होते, आणि त्याच्या उमेदीची कित्येक वर्षे स्पर्धेवाचून गेली. तो परतला तेव्हा १९२२ ते १९३० या काळात त्याने तीच शर्यत आणखी सहा वेळा जिंकली. कामावर जाण्या-येण्याचे अंतर धावत कापणे हा त्याच्या सरावाचा कणा होता, म्हणजे त्याचा सराव त्याच्या नोकरीच्या वेळापत्रकातच विणलेला होता. त्याच्या मृत्यूनंतर हृदयविकारतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात डिमारच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सामान्य माणसाच्या धमन्यांच्या दुप्पट ते तिप्पट रुंद असल्याचे नमूद आहे.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत आर्थर न्यूटन या शेतकऱ्याने वयाच्या अडतिसाव्या वर्षी सरावाला आरंभ करून डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्या दरम्यान होणारी सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत पाच वेळा जिंकली. रोज, दूरवर आणि दम न लागता धावणे हेच खरे बळ देते, असे प्रतिपादन त्याने नंतर आपल्या पुस्तकांतून केले. हा विचार काळाच्या पुढे असल्याने त्याकडे फारसे कोणी वळले नाही.

या कालखंडाशी महाराष्ट्राचाही संबंध येतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण तरुणांची दमदारी पाहून दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी संघ पाठवण्याचा पुढाकार घेतला, आणि त्या संघातील बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी आजच्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक लांब असलेली ती मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावे स्थान मिळवले. नियोजित सरावाची परंपरा जेथे उभीच राहिली नव्हती अशा देशातील धावपटूची ही कामगिरी आपल्याकडे पुरेशा आदराने सांगितली जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरावविचारावर पकड बसली ती ‘इंटरव्हल’ पद्धतीची, म्हणजे ठराविक छोटे अंतर वेगाने धावून मध्ये हलकी धाव घेत तेच पुनःपुन्हा करण्याची. झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्यांच्या बळावर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटरपाठोपाठ आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉनही जिंकली, तेव्हा दुसऱ्या कोणत्या मार्गाची गरज आहे असे जगाला वाटण्याचे कारण उरले नाही. तो मार्ग मात्र दूर न्यूझीलंडमध्ये तयार होत होता. आणि झाटोपेकने तारुण्यात ज्या प्रकारच्या कारखान्यात नोकरी केली होती तशाच, म्हणजे बुटांच्या, कारखान्यात तो घडवणारा माणूसही काम करत होता.

ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड विशी ओलांडेपर्यंत स्वतःला तंदुरुस्त रग्बी खेळाडू समजत होता. परंतु १९४५ च्या सुमारास एका वयस्क धावपटूबरोबर काही मैल धावताना त्याची जी दमछाक झाली तिने त्याला हादरवले. पुढील दहाएक वर्षे त्याने आठवड्याला अगदी थोड्या अंतरापासून सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत सर्व प्रमाणे स्वतःवर आजमावली, मधल्या काळात १९५३ आणि १९५५ मध्ये देशाचे मॅरेथॉन विजेतेपद मिळवले, आणि अखेर आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, या आकड्यावर तो स्थिरावला. यापेक्षा कमी केल्यास वाढ अपुरी राहते आणि पुष्कळ अधिक केल्यास शरीर सावरत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. हे अंतर रोज सारखे वाटलेले नसे. मोठ्या दिवसानंतर लहान दिवस येई, आणि रविवारी वाइटाकेरे डोंगररांगेतील वाइआटारुआच्या चढउतारांवरून सुमारे ३५ किलोमीटरची लांब धाव असे. आज ‘लाँग रन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साप्ताहिक धावेचे हेच रूप पुढे जगभर गेले.

लिडियार्डचे खरे योगदान या आकड्यापेक्षा क्रमात आहे. प्रथम अनेक आठवडे केवळ दम वाढवणारा पाया, त्यावर टेकड्यांवरील उड्या आणि चढाच्या धावा, त्यानंतर वेगाच्या फेऱ्या, आणि शर्यतीच्या आधी भार उतरवत नेणारे ‘टेपरिंग’, असे टप्पे त्याने एकामागून एक रचले आणि त्यांची मोजणी महत्त्वाच्या शर्यतीच्या दिवसापासून उलटी केली. वेग आधी मिळवून दम नंतर जोडता येत नाही, हे त्याचे गृहीतक त्या काळी धाडसाचे होते. कारण तो ८०० मीटर धावणाऱ्यालाही मॅरेथॉनपटूइतकेच अंतर पळवत असे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि अर्ध्या-पाऊण तासात मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. पुढे मॅरेथॉनमध्ये अनवाणी अबेबे बिकिला पहिला आला त्याच शर्यतीत बॅरी मॅगीला कांस्यपदक मिळाले. हे तिघेही लिडियार्डचे शिष्य आणि रविवारच्या त्या डोंगरवाटेचे सोबती होते.

शास्त्राने या पद्धतीची कारणे नंतर दिली. १९६७ मध्ये सेंट लुई येथील जॉन होलोस्झी यांनी दीर्घ सरावाने उंदरांच्या स्नायूंतील मायटोकाँड्रियांची, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा निर्माण करणाऱ्या पेशीअंगकांची, क्षमता सुमारे दुप्पट होते असे दाखवले. त्याच सुमारास स्वीडिश संशोधकांनी स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासून ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली शर्करा, किती लवकर आटते हे मोजले. हा साठा मर्यादित असल्यामुळेच तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय अचानक जड होतात, आणि लांब सरावाने शरीर चरबीचा अधिक वापर करू लागल्यास तो साठा अधिक काळ पुरतो. ऑकलंडच्या कामगाराने पायांनी शोधलेले हे सत्य होते.

१९६२ मध्ये अमेरिकी प्रशिक्षक बिल बोवरमन यांनी लिडियार्डचा मध्यमवयीन नागरिकांना हळू धावायला लावणारा उपक्रम प्रत्यक्ष पाहिला, आणि तो त्यांनी मायदेशी नेला. त्यातून जी धावण्याची लाट उसळली तिने शंभर मैलांचा आठवडा सामान्यांसाठी तीस-चाळीस मैलांवर आणला आणि त्याच्या जोडीला आठवड्याचे अंतर मागील आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये हा नियम रूढ केला. हा नियम सोयीचा आहे. मात्र आठवड्याला पाच किलोमीटर धावणाऱ्याला तो केवळ अर्धा किलोमीटर देतो, तर साठ किलोमीटर धावणाऱ्याला एकदम सहा. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या नियमाने तेरा आठवडे चाललेला गट आणि आठच आठवड्यांत तयार झालेला गट या दोहोंतही सुमारे वीस टक्के लोकांना दुखापती झाल्या. ती चाचणी चार मैलांच्या शर्यतीपुरती होती, म्हणून तिच्यावरून मॅरेथॉनचा निवाडा करता येणार नाही. तरीही दहा हा आकडा शरीराने ठरवलेला नाही एवढे तीवरून दिसते.

सात हा आकडाही शरीराने ठरवलेला नाही. पेशींची दुरुस्ती रविवार ओळखत नाही. लांब धाव रविवारी पडली ती धावणाऱ्याला त्याच दिवशी सुटी असे म्हणून. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली, आणि २००४ पासून होत असलेल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यातच अंतर वाढवू लागणारे हजारो नोकरदार आपली सर्वांत लांब धाव पहाटे घेतात ती त्याच सुटीच्या दिवशी. ज्यांचा व्यवसायच धावणे आहे त्यांना ही चौकट सोडता येते. २०१४ मध्ये अडतिसाव्या वर्षी बोस्टन मॅरेथॉन जिंकणाऱ्या मेब केफ्लेझिगी यांनी वाढत्या वयात विश्रांतीला अधिक जागा मिळावी म्हणून सरावाचे आवर्तन सातऐवजी नऊ दिवसांचे केले होते.