दाटत जाणारे पाणी आणि १६७१ चे एक पत्र

देवणीपासून पश्चिमेचा समुद्र चारशे किलोमीटरहून दूर आहे, पूर्वेचाही. या भागात ज्वारी पिकते, तूर पिकते, गावाच्या नावाने गाई-बैलांची एक जात ओळखली जाते. मीठ मात्र पिकत नाही. रेल्वेपूर्व काळात पठारावरील अशा गावांना ते मिळे वंजारी-लमाणांच्या तांड्यांकडून, बैलांच्या पाठीवरील गोण्यांतून. किनाऱ्यावरचा मिठाचा भाव म्हणून केवळ किनाऱ्याचा प्रश्न नव्हता.

शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले पत्र याच भावाविषयी आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशात मीठ स्वस्त, स्वराज्यातील संगमेश्वराकडे महाग. व्यापारी अर्थातच बारदेशाकडे वळणार. यावर महाराजांचा उपाय असा, की बारदेशी मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते संगमेश्वरी मिठापेक्षा स्वस्त पडणार नाही. या पत्राला आज ‘संरक्षक आयातशुल्का’चा नमुना म्हणतात, आणि ते योग्यच आहे. परंतु गिऱ्हाईक तुटले तर मिठागराचे नेमके काय बुडते, हे वाफ्यातील पाण्याकडे पाहिल्याशिवाय उमगत नाही.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातील जवळपास नऊ-दशांश पाणी उडून गेल्यावरच मिठाचा पहिला दाणा धरतो. तोवर पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत राहायचे. आधी चुना तळाशी बसतो, मग जिप्सम, आणि त्यानंतर मीठ. या प्रवासात पाण्याची घनता वाढते, तशीच श्यानताही. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा आतला विरोध. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याची श्यानता १ मिलिपास्कल-सेकंद धरली, तर समुद्राच्या पाण्याची १.०८ भरते आणि मिठाने संपृक्त झालेल्या पाण्याची जवळजवळ २.

ऊन मात्र दोन्ही बाजूंनी खेचते. ते पाणी उडवून द्रावण दाट करते आणि त्याच वेळी तापवून पातळही करते. गोड्या पाण्याची श्यानता शून्य अंशाला १.७९, तर ४० अंशांना अवघी ०.६५ असते. म्हणजे एकच वाफा पहाटे आणि दुपारी सारखा वाहत नाही. दाबाचा प्रश्न इथे उद्भवत नाही, कारण वाफे उथळ असतात. (थंड पाणी दाबाखाली घट्ट होण्याऐवजी आधी पातळ होते, हे १८८४ मध्ये दाखवणाऱ्यांत क्ष-किरणांचे रोंटगेन होते!)

मीठ धरल्यावर उरणारे पाणी मॅग्नेशियमच्या क्षारांनी कडू आणि आणखी दाट झालेले असते. ते दाण्यांना चिकटते, सहज निथळत नाही. म्हणून काढलेल्या मिठाचे ढीग घालून ते झरू द्यावे लागते. या कामात घाई केली, तर मॅग्नेशियम हवेतील ओल ओढते, मीठ पाझरते, आणि घाटापलीकडे पोहोचेपर्यंत गोणीचे वजन व चव दोन्ही बिघडतात.

हे सारे पावसाळा संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंतच्या काळात उरकायचे. बांध दुरुस्त करायचे, वाफ्याचा तळ तुडवून घट्ट करायचा, आणि हे दरवर्षी. गिऱ्हाईक नाही म्हणून एक वर्ष हात आखडला, तर भरतीचे पाणी बांध फोडते. कापडाचा माग काही महिने बंद ठेवून पुन्हा चालवता येईल, मिठागर तसे चालत नाही. जकातीचा निर्णय तातडीचा होता तो यामुळे.

पाणी ‘आले’ की नाही, हे ठरवायला त्या काळी उपकरण नव्हते. द्रवाच्या या आतल्या विरोधाची गणिती मांडणी न्यूटनने केली ती १६८७ मध्ये. द्रावणाची घनता मोजणारी बोमेची मापनी आली १७६८ मध्ये. कोकणातील मिठागरांवर तोवर अनुभवावरूनच निर्णय होत असावा.